दुर्मीळ माशी सापडली? ‘नवी नोंद’ म्हणण्याआधी करायची कामं, क्रमाने

माशीचा सुरेख फोटो, खाली गावाचं नाव आणि ‘महाराष्ट्रातली पहिली नोंद’ अशी एक ओळ. अनेकदा पुराव्यादाखल एवढंच असतं. नमुना ठेवलेला नाही, पंखाच्या शिरा दिसत नाहीत, नर की मादी ते लिहिलेलं नाही. माशी खरोखर दुर्मीळ असेल तर यात फार मोठं नुकसान आहे, कारण ती त्या जागी पुन्हा कधी दिसेल याची खात्री नसते. बहुतेकांना माहिती असते, डोळाही चांगला असतो. चुकतो तो कामांचा क्रम. म्हणून हा लेख टप्प्यांनी लिहिला आहे, आणि टप्पे त्याच क्रमाने करावेत असा माझा आग्रह आहे.

उदाहरणासाठी एकच गट धरून चालतो: सिर्फिडी कुलातल्या, म्हणजे हॉवरफ्लाय माश्यांमधला सेरिओइडिनी हा गट. या माश्या हुबेहूब गांधीलमाशी किंवा कुंभारणीसारख्या दिसतात. काळं-पिवळं अंग, काहींची कंबर बारीक, लांब मिशा. पंखाची पुढची कड गडद असते, त्यामुळे बसलेल्या गांधीलमाशीच्या दुमडलेल्या पंखाचा भास होतो. लोक गांधीलमाशी समजून लांबूनच निघून जातात. नोंदी कमी असण्याचं हे एक मोठं कारण आहे.

## १. आधी ठरवा: दावा नेमका कोणता?

दावे तीन प्रकारचे असतात. माहीत असलेली जाती नव्या भागात सापडली. जुन्या काळी नोंदलेली जाती बऱ्याच वर्षांनी पुन्हा सापडली. किंवा ही जाती विज्ञानालाच नवी आहे. तिन्हींना लागणारा पुरावा वेगळा असतो. पहिल्यासाठी पक्की ओळख आणि आधीच्या नोंदींचा शोध पुरतो. तिसऱ्यासाठी त्या जीनसमधल्या (जवळच्या नात्यातल्या जातींच्या गटातल्या) जवळच्या सगळ्या जातींशी तुलना लागते, आणि तीसुद्धा शक्य तिथे मूळ नमुन्यांशी, म्हणजे ज्यांवरून त्या जातींना नाव दिलं गेलं त्या नमुन्यांशी.

माशी सापडल्या दिवशी पहिलाच दावा मनात धरा. पुरावा तिसऱ्याकडे नेत असेल तर तो नेईल.

सावधान: मोबाइल ॲपने सुचवलेलं नाव हा पुरावा नाही. ॲप ज्या फोटोंवर शिकलेलं असतं त्यांत नेहमीच्या जातींचे फोटो भरपूर असतात, त्यामुळे दुर्मीळ माशीलाही ते नेहमीचंच नाव चिकटवतं. दोघा-तिघांनी त्या नावाला होकार दिला म्हणूनही ते पक्कं होत नाही.

## २. परवानगी आणि सामान

अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय एकही कीटक उचलायचा नाही. राखीव जंगलासाठीही वन विभागाला विचारा. खासगी बागेत मालकाची संमती घ्या आणि ती वहीत लिहून ठेवा. पुढे लेख पाठवताना संपादक परवानगीचा क्रमांक मागतात. तो तेव्हा मिळवता येत नाही.

सामान फार लागत नाही. मऊ कापडाची जाळी, घट्ट झाकणाच्या छोट्या बाटल्या, इथिल ॲसिटेटचे थेंब टाकलेली मारायची बाटली, ९५ टक्के किंवा त्याहून तीव्र इथेनॉलच्या कुप्या, बारीक चिमटा, कीटकांसाठीच्या स्टीलच्या टाचण्या, पेन्सिल आणि वही. शिवणकामाच्या टाचण्या नकोत, त्या गंजतात. दुर्बिणी सूक्ष्मदर्शक जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात असतो. तिथल्या प्राध्यापकांशी आधीच बोलून ठेवा, म्हणजे नमुना हातात घेऊन फिरावं लागणार नाही.

## ३. मैदानात: आधी फोटो, मग जाळी

जिवंत माशीचे रंग मेल्यावर टिकत नाहीत, विशेषतः डोळ्यांवरचे पट्टे आणि झळाळी. म्हणून जाळी उचलण्याआधी फोटो घ्या. वरून, कुशीवरून आणि समोरून, असे तीन कोन हवेतच. वरून घेतलेल्या फोटोत पंखाच्या शिरा दिसल्या पाहिजेत. कुशीवरून संतोलक, म्हणजे मागच्या पंखांच्या जागी असलेले दोन छोटे दांडके, दिसले तर उत्तम. दोन पंख आणि संतोलक दिसले की ती गांधीलमाशी नाही हे तिथेच ठरतं.

सेरिओइडिनी शोधायच्या तर फुलांइतकंच खोडांकडेही बघा. जखमी झाडाचा रस पाझरतो तिथे त्या येतात आणि त्यांच्या अळ्या अशाच रसात वाढतात. भिरूड लागलेल्या आंब्याच्या खोडावर जिथे रस ओघळलेला असतो, अशा जागा थांबून पाहण्यासारख्या असतात.

वहीत जागेवरच लिहा: झाड कोणतं, माशी काय करत होती, किती वाजले होते, ऊन होतं की ढग, आणखी किती दिसल्या. संध्याकाळी आठवून लिहिलेल्या टिपणात तपशील आपोआप नीटनेटके होतात आणि तिथेच चूक शिरते.

किती घ्यायच्या? जमल्यास एक नर आणि एक मादी. बऱ्याच माश्यांची जात नराच्या जननांगांवरूनच ठरते, त्यामुळे नर महत्त्वाचा. बहुतेक हॉवरफ्लायमध्ये नराचे डोळे डोक्यावर एकमेकांना टेकलेले असतात आणि मादीचे सुटे. मात्र मायक्रोडॉन या हॉवरफ्लायमधल्याच जीनसच्या आणि त्याच्या जवळच्या माश्यांत नराचेही डोळे सुटे असतात, तेव्हा या एकाच खुणेवर विसंबू नका. एकच माशी दिसली तर एकच घ्या. त्या खोडावरच्या सगळ्या पकडून नेणं हे अभ्यासाचं काम नाही.

## ४. टोचणं आणि पाय वेगळा ठेवणं

डीएनएसाठी उजवा मधला पाय चिमट्याने अलगद काढून तीव्र इथेनॉलमध्ये ठेवा. कुपीवर जो क्रमांक, तोच टाचणीवरच्या लेबलवर. पाय काढायचा तो माशी वाळण्याआधी आणि टोचण्याआधी. बाकीची माशी कोरडी टोचायची. हॉवरफ्लाय इथेनॉलमध्ये बुडवून ठेवली तर केस चिकटतात आणि अंगावरचा पावडरीसारखा थर नीट दिसेनासा होतो. ओळखीच्या निम्म्या खुणा याच दोन गोष्टींवर असतात.

टाचणी वक्षाच्या मधोमध घालू नका, मध्यरेषेच्या किंचित उजवीकडे घाला. मग डावी बाजू अखंड राहते, आणि मध्यरेषेवरचे पट्टेही. पंख अंगापासून थोडे दूर सरकवा, म्हणजे शिरा आणि उदर दोन्ही मोकळे दिसतात. नर असेल तर उदराचं टोक ओलं असतानाच सुईने थोडं बाहेर ओढून ठेवा, पुढचं काम सोपं होतं.

तपासा: मिशा शाबूत आहेत का? सेरिओइडिनीत मिशांची लांबी आणि टोक यांवर बरंच अवलंबून असतं. तुटलेला तुकडा सापडला तर त्याच टाचणीवरच्या कार्डाला चिकटवा, टाकून देऊ नका.

## ५. लेबल त्याच दिवशी

लेबल नसलेला नमुना शास्त्राच्या दृष्टीने निरुपयोगी, मग माशी कितीही दुर्मीळ असो. लेबलवर देश, राज्य, जिल्हा, तालुका, गाव, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, पकडण्याची रीत आणि पकडणाऱ्याचं नाव. आम्लविरहित कागद, न उडणारी शाई, मजकूर इंग्रजीत. गावाचं नुसतं नाव पुरत नाही. महाराष्ट्रात वडगावं कितीतरी आहेत. अक्षांश-रेखांश दशांशात, चार स्थळांपर्यंत लिहा. चौथ्या स्थळाची अचूकता सुमारे ११ मीटरची असते, ती माशीला पुरेशी आहे.

तारखेतला महिना रोमन अंकात लिहायची पद्धत आहे आणि ती मोडू नका. ‘६/७’ म्हणजे सहा जुलै की सात जून, हे पन्नास वर्षांनी कोणी सांगू शकणार नाही. ओळखीचं लेबल वेगळं, खालच्या बाजूला: जातीचं नाव, ओळखणाऱ्याचं नाव, वर्ष. नाव पुढे बदलू शकतं, मूळ लेबल कधीच काढायचं नाही.

## ६. कुल, गट, जीनस: उडी मारू नका

सगळ्यात जास्त घोटाळे इथे होतात. लोक फोटो बघून थेट जातीच्या नावावर जातात आणि मग त्या नावाला जुळतील तेवढ्याच खुणा पाहतात. ओळखीची किल्ली, म्हणजे दर पायरीला दोन पर्यायांतला एक निवडत नावापर्यंत नेणारा तक्ता, पहिल्या पायरीपासून चालवा, कुल माहीत आहे असं वाटलं तरीही.

हॉवरफ्लाय आहे हे पंखावरून ठरवा. बाहेरच्या कडेजवळ दोन शिरा अशा वळतात की पंखाला आतून दुसरी, खोटी कड असल्यासारखं दिसतं. शिवाय पंखाच्या मध्यातून एक आभासी शीर जाते. ती दोन्ही टोकांना खऱ्या शिरांना न जोडता मोकळीच संपते. या गटाशी गल्लत होते ती कोनोपिडी कुलातल्या माश्यांची. त्याही गांधीलमाशीचं सोंग घेतात, त्यांच्याही मिशा लांब असतात. पण त्यांच्या पंखाला ती खोटी बाहेरची कड नसते आणि सोंड सहसा लांब, बारीक, पुढे आलेली असते.

मग मिशा पाहा. सामान्य हॉवरफ्लायच्या मिशीच्या तिसऱ्या खंडावर, वरच्या बाजूला, एक केसासारखा काटा असतो. सेरिओइडिनीत तो काटा टोकालाच असतो, त्यामुळे मिशी भाल्यासारखी दिसते. आता डोकं कुशीवरून पाहा. कपाळातून पुढे आलेला दांडा असून त्यावर मिशा बसलेल्या आहेत का? लांब दांडा आणि बुडाशी एकदम आवळलेलं उदर असेल तर मोनोसेरोमायिया जीनसकडे जा. दांडा आहे पण उदर फारसं आवळलेलं नाही, तर सेरियाना. दांडा जवळपास नाहीच, तर स्फिक्सिमॉर्फा. ही ढोबळ वाट आहे. मधल्या अवस्था असतात, म्हणून दांड्याची लांबी डोळ्यांनी न ठरवता मिशीच्या पहिल्या खंडाशी मोजून लिहा.

सावधान: किल्लीतल्या दोन पर्यायांपैकी एकही नीट बसत नसेल तर ‘जवळचा’ पर्याय धरून पुढे जाऊ नका. त्या पायरीचा क्रमांक लिहून ठेवा. बरेचदा हीच पायरी सांगते की किल्ली दुसऱ्या प्रदेशाची आहे, किंवा माशी किल्लीत नसलेली आहे.

## ७. जात: जननांगं आणि मूळ वर्णन

नराच्या उदराचं टोक वेगळं करण्याआधी ते जागेवर असतानाच दोन्ही बाजूंनी फोटो घ्या. हॉवरफ्लायमध्ये हा भाग असममित असतो, एकदा सोडवला की मूळ ठेवण कळत नाही. मग टोक १० टक्के कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात ठेवा: कोमट असेल तर थोडाच वेळ, खोलीच्या तापमानाला रात्रभर. मधूनमधून पाहत राहा, जास्त झालं तर नाजूक भाग पारदर्शक होऊन दिसेनासे होतात. पाण्यात धुऊन, ॲसिटिक ॲसिडचा थेंब टाकलेल्या पाण्यातून काढून ग्लिसरीनमध्ये घ्या. काम झाल्यावर ग्लिसरीनच्या इवल्याशा कुपीत बंद करून त्याच माशीच्या टाचणीवर लावा. वेगळ्या डबीत ठेवलेली जननांगं आणि माशी यांची पुढे ताटातूट होते.

आता मूळ वर्णन, म्हणजे जातीला पहिल्यांदा नाव देताना छापलेलं वर्णन, वाचा. भारतातल्या हॉवरफ्लायसाठी पहिला मोठा आधार म्हणजे ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालिकेतला ब्रुनेट्टी यांचा द्विपंखींवरचा, म्हणजे दोन पंखांच्या माश्या-डासांवरचा, १९२३ चा तिसरा खंड. तो इंटरनेटवर मोफत वाचता येतो. त्यावर थांबायचं मात्र नाही. त्याला शंभर वर्षं झाली, नंतर जाती वाढल्या, नावं हलली. डेल्फिनाडो आणि हार्डी यांनी संपादित केलेल्या आशियाई द्विपंखींच्या सूचीचा दुसरा खंड १९७५ चा, त्यात सिर्फिडी आहेत. तिथून प्रत्येक जातीच्या मूळ वर्णनाचा पत्ता घ्या आणि ते वर्णनच मिळवा. दुसऱ्याने केलेला सारांश चालत नाही.

नावं शोधताना जुनी नावंही शोधा. या गटातल्या जाती जुन्या पुस्तकांत सेरिया किंवा सेरिओइडीस या नावांखाली आहेत. फक्त आजचं नाव टाकून शोधलं तर निम्मं साहित्य हाताला लागत नाही आणि मग ‘कुठेच नोंद नाही’ असं वाटतं.

## ८. डीएनए: साक्षीदार आहे, न्यायाधीश नाही

प्राण्यांसाठी सर्वमान्य बारकोड, म्हणजे जात ओळखण्यासाठी वापरायचा डीएनएचा ठरलेला तुकडा, हा मायटोकाँड्रियातल्या सीओआय जनुकाचा सुमारे ६५८ बेस-जोड्यांचा भाग आहे. तो काढून घेणं आता फार महाग राहिलेलं नाही. पण तुलनेला समोर काही असावं लागतं. आपल्याकडच्या अनेक माश्यांचे बारकोड सार्वजनिक संग्रहात नाहीत, आणि जे आहेत त्यांतले काही चुकीच्या नावाने चढवलेले आहेत. ‘९१ टक्के जुळलं’ याचा अर्थ नवी जाती सापडली असा नाही. तुमच्या माशीची नातलग त्या संग्रहात नाही, बहुधा एवढाच. मिळालेला डीएनए-क्रम जेनबँक या सार्वजनिक संग्रहात जरूर द्या, मात्र नमुन्याच्या क्रमांकासह.

## ९. ‘इथे आधी नव्हती’ हे दाखवणं

या टप्प्याला लोक अर्धा तास देतात, याला खरं तर सगळ्यात जास्त वेळ द्यायला हवा.

जुन्या नोंदीतलं गावाचं नाव आजच्या नकाशावर बसवा. ‘बॉम्बे’ असं छापलेलं असेल तर ते शहर की इलाखा? मुंबई इलाख्यात धारवाड, बेळगाव आणि उत्तर कन्नड होते. ती नोंद आज कर्नाटकाची आहे, महाराष्ट्राची नाही. उलट विदर्भातली जुनी नोंद ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस’खाली आणि मराठवाड्यातली ‘हैदराबाद’खाली दडलेली असू शकते. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० चं. त्याआधीच्या साहित्यात ‘महाराष्ट्र’ शोधून नोंद सापडली नाही, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. गोव्याचं आणखी वेगळं. १९६१ पर्यंत तो पोर्तुगीजांकडे होता, त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानच्या खंडात गोव्याचा उल्लेख नसला तरी त्यावरून निष्कर्ष काढायचा नाही. आणि त्याच मालिकेत सिलोन आणि ब्रह्मदेशही धरलेले आहेत. ‘ब्रिटिश इंडियात नोंद’ म्हणजे भारतात नोंद, असं गृहीत धरू नका.

छापील साहित्यानंतर संग्रह पाहा. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं कोलकात्याचं मुख्यालय आणि पुण्याचं पश्चिम विभागीय केंद्र, मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, कृषी विद्यापीठांचे कीटकशास्त्र विभाग. पेट्यांमध्ये ‘ओळख बाकी’ असं लिहिलेले नमुने असतात, आणि तुमची ‘पहिली’ माशी तिथे आधीपासून टोचलेली असू शकते. पत्र लिहून, वेळ घेऊन जा. शेवटी जीबीआयएफ हा जगभरच्या जीवनोंदींचा ऑनलाइन साठा आणि नागरिकांच्या निरीक्षणांची संकेतस्थळं बघा, त्यातही जीनसपर्यंतच ओळखलेले फोटो उघडून पाहा.

माशी इथली की आणलेली, हाही प्रश्न विचारा. अमेरिकेतली ब्लॅक सोल्जर माशी माणसाबरोबर आज जगभर पोचली आहे. रोपवाटिकेजवळ किंवा बंदराजवळ एकच माशी सापडली तर तिथे ती वाढते असं म्हणू नका. पुढच्या हंगामात त्याच जागी जा, अळ्या शोधा.

तपासा: लेखातलं वाक्य असं हवं: ‘पाहिलेल्या साहित्यात आणि संग्रहांत महाराष्ट्रातील नोंद आढळली नाही’, आणि पुढे कोणतं साहित्य, कोणते संग्रह ते. ‘महाराष्ट्रात कधीच नव्हती’ हे कोणालाही लिहिता येत नाही.

## १०. वर्णन लिहिणं

क्रम ठरलेला आहे: डोकं, वक्ष, पंख, पाय, उदर, जननांगं. प्रत्येक भागाच्या आतही एकच क्रम ठेवा, आधी आकार, मग रंग, मग केस. क्रियापदं शक्य तितकी गाळा. ‘सुंदर’, ‘ठळक’, ‘बऱ्यापैकी मोठा’ हे शब्द वर्णनात येताच कामा नयेत. लांबी मिशा वगळून मिलिमीटरमध्ये, पंखाची लांबी वेगळी, आणि किती नमुने मोजले तो आकडा.

रंग लिहिताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवा: कवचाचा मूळ रंग, त्यावरच्या केसांचा रंग, आणि पावडरीसारख्या थराचा रंग. एक प्रत्यक्ष उदाहरण देतो. ‘वक्ष पिवळसर’ या दोन शब्दांत काळं कवच आणि त्यावर पिवळे केस, काळं कवच आणि त्यावर पिवळट थर, किंवा कवचच पिवळं, या तिन्ही शक्यता बसतात, आणि त्या तीन वेगळ्या जाती असू शकतात. थराचा रंग प्रकाशाच्या कोनाप्रमाणे बदलतो, म्हणून ‘मागून पाहिल्यास’, ‘कुशीवरून पाहिल्यास’ असं लिहा.

वर्णन आणि वेगळेपण हे दोन परिच्छेद. वर्णनात सगळं येतं. वेगळेपणात फक्त तीन-चार खुणा, ज्यांनी ही माशी जवळच्या जातींपासून सुटते, आणि त्या जातींची नावं. मूळ वर्णनातली वाक्यं उचलू नका. तुमच्या नमुन्यात जे दिसतं तेच लिहा, आणि मूळ वर्णनाशी फरक दिसला तर तो स्पष्ट नोंदवा. दुर्मीळ माशीच्या बाबतीत हा फरकच सगळ्यात मोलाचा असतो, कारण आधीचं वर्णन बहुधा एक-दोन नमुन्यांवरच बेतलेलं असतं.

चित्रं: अख्खी माशी वरून आणि कुशीवरून, डोकं समोरून आणि कुशीवरून, मिशी, पंख, नराची जननांगं. प्रत्येकाला मोजपट्टी. कोणतं चित्र कोणत्या क्रमांकाच्या नमुन्याचं, ते खाली.

तपासा: माशी न पाहिलेल्या एखाद्या जाणकाराला फक्त तुमचा मजकूर द्या आणि किल्ली चालवायला सांगा. तो जिथे अडतो तिथे वर्णन अपुरं आहे.

## ११. खरंच नवी जाती असेल तर

प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय संहितेच्या अटी पाळल्या नाहीत तर नाव ग्राह्य धरलं जात नाही. जाती नवी आहे हे लेखात स्पष्ट म्हटलेलं हवं, वेगळेपण शब्दांत हवं, एकच नमुना होलोटाइप, म्हणजे त्या नावाचा कायमचा आधारनमुना, म्हणून नेमलेला हवा आणि तो कोणत्या संग्रहात आहे किंवा असेल ते लिहिलेलं हवं. लेख फक्त ऑनलाइन निघणार असेल तर झूबँक या प्राणिनामांच्या अधिकृत नोंदवहीत नोंदणी आधी करून तिचा पुरावा लेखातच द्यावा लागतो. ही तरतूद २०१२ पासून आहे. नाव विशेषण असेल तर जीनसच्या लिंगाशी जुळवा. सेरियाना आणि मोनोसेरोमायिया दोन्ही स्त्रीलिंगी आहेत, म्हणून ‘इंडिका’, ‘इंडिकस’ नव्हे.

ठरवलेलं नाव लेख निघेपर्यंत व्हॉट्सॲप गटावर, व्याख्यानात, वर्तमानपत्रात कुठेही येऊ देऊ नका. अशा उल्लेखाने नाव ग्राह्य होत नाही, गोंधळ मात्र कायमचा होतो.

## १२. नमुना घरात ठेवू नका

आपल्याकडच्या पावसाळ्यात घरातल्या पेटीत बुरशी येते, आणि डर्मेस्टिड भुंगेऱ्यांच्या अळ्या टोचलेली माशी पोखरून टाचणीखाली भुकटी ठेवतात. लेख पाठवण्याआधीच नमुना सार्वजनिक संग्रहात द्या आणि तिथला नोंदणी क्रमांक लेखात घाला. जैवविविधता कायदा, २००२ च्या कलम ३९ नुसार नव्या जातीची माहिती नेमलेल्या भांडारसंस्थेला कळवणं आणि नमुना तिथे जमा करणं बंधनकारक आहे. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था ही प्राण्यांसाठीची अशी संस्था आहे. ओळखीसाठी नमुना किंवा त्याचा पाय परदेशी पाठवायचा असेल तर त्याआधी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम वाचा. पाकीट टपालात पडल्यावर ती चूक निस्तरता येत नाही.

नमुना हातोहात नेऊन द्या. पेटीत टाचणीच्या दोन्ही बाजूंना आधाराच्या दोन जादा टाचण्या लावा, म्हणजे एसटीच्या धक्क्यांत माशी गोल फिरून मिशा मोडत नाहीत. सोबत लेबलांची छापील यादी, डीएनएच्या कुपीचा क्रमांक, वहीच्या त्या पानाची प्रत आणि जिवंत माशीचे मूळ फोटो द्या. पोच घेतल्याशिवाय निघू नका.